डॉ. जॅनेट रौली आणि गुणसूत्राचा हरवलेला तुकडा

वार्षिक अहवालात जमाखर्चाच्या पत्रकांपूर्वी एखाद्या आजाराविषयी माहितीपर लेख देण्याची प्रथा आपल्या संस्थेत आहे. मधुमेह, क्षयरोग, मोतीबिंदू अशा विषयांवरील लेखांचे आपण आजवर स्वागत केलेत. या वर्षीचा लेख एका आजाराबद्दल आहे, आणि त्या आजाराचे मूळ शोधण्यात आयुष्य वेचलेल्या एका विदुषीबद्दलही आहे.

निमित्त गेल्या वार्षिक सभेचे. प्रयोगशाळेच्या वाढत्या खर्चावर चर्चा चालू असताना एका ज्येष्ठ देणगीदारांनी अगदी सरळ प्रश्न विचारला. रुग्णवाहिका दिली की ती रस्त्यावर दिसते, खाट दिली की तिच्यावर रुग्ण दिसतो; पण रक्तातील गुणसूत्रे आणि जनुके पाहण्यावर पैसा खर्चून रुग्णाच्या पदरात काय पडते? आम्ही त्या वेळी जे उत्तर दिले त्याने आमचेच समाधान झाले नव्हते. खरे सांगावयाचे तर काही वर्षांपूर्वी अंदाजपत्रक तयार करताना याच बाबीवर आम्ही स्वतःच लाल पेन्सिल फिरविली होती. सभेनंतर आमच्या रक्तविकार विभागातील डॉक्टरांशी बोलणे झाले, काही वाचन झाले, आणि त्यातून हा लेख तयार झाला. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर, वैद्यकशास्त्राचे नव्हे. म्हणून लेखातील वैद्यकीय भाग डॉक्टरांकडून तपासून घेतला आहे.

प्रथम आजाराविषयी. रक्तातील सर्व पेशी हाडांच्या पोकळीतील अस्थिमज्जेत तयार होतात. तेथील एखादी पेशी बिघडते आणि स्वतःसारख्या पांढऱ्या पेशी बेसुमार निर्माण करू लागते, त्याला आपण ल्युकेमिया म्हणजेच रक्ताचा कर्करोग म्हणतो. त्याचे अनेक प्रकार आहेत. त्यांपैकी 'क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया' हा प्रकार, ज्याला डॉक्टर मंडळी थोडक्यात सीएमएल म्हणतात, सुरुवातीला फार शांत असतो. थकवा येतो, वजन उतरते, डाव्या बरगडीखाली प्लीहा (पाणथरी) वाढल्याने पोट जड वाटते. पुष्कळदा तर दुसऱ्याच कारणासाठी रक्त तपासले जाते आणि पांढऱ्या पेशींचा आकडा लाखांच्या घरात निघतो. उपचार न झाल्यास काही वर्षांनी हाच आजार एकाएकी उग्र रूप धारण करतो, आणि मग हाती फारसे काही उरत नाही. पाश्चात्त्य देशांत हा आजार बहुधा साठीच्या आसपास आढळतो. आपल्याकडे मात्र तो तिशी-चाळिशीतील, ऐन कर्त्या वयातील माणसांना गाठतो. आमच्या बाह्यरुग्ण विभागात या आजाराच्या रुग्णाबरोबर येणारी माणसे म्हणजे बहुधा तरुण पत्नी, म्हातारे वडील आणि शाळेच्या गणवेशातील एखादे मूल.

आजची स्थिती अशी की, वेळेवर निदान झालेला आणि नियमितपणे गोळी घेणारा सीएमएलचा रुग्ण नोकरी करतो, शेती करतो, मुलांची लग्ने करतो. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी असे कोणी सांगितले असते तर त्यावर विश्वास बसला नसता. हा पालट कसा घडला, हे पाहावयाचे तर अमेरिकेतील फिलाडेल्फिया या शहरापासून सुरुवात केली पाहिजे.

फिलाडेल्फिया हे नाव मराठी वाचकाला परके नाही. डॉ. आनंदीबाई जोशी यांनी १८८६ मध्ये तेथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेतली. त्याच शहरात १९६० मध्ये पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड या दोन संशोधकांना सीएमएलच्या रुग्णांच्या पेशींत एक विलक्षण गोष्ट आढळली. माणसाच्या प्रत्येक पेशीत ४६ गुणसूत्रे असतात, हे त्या आधी अवघ्या चार वर्षांपूर्वी, १९५६ मध्ये, निश्चित झाले होते. या रुग्णांच्या बिघडलेल्या पेशींत त्यांपैकी एक छोटे गुणसूत्र नेहमीपेक्षाही आखूड दिसत होते. कोणीतरी कात्रीने त्याचे टोक छाटावे तसे. या खुज्या गुणसूत्राला पुढे 'फिलाडेल्फिया गुणसूत्र' असे नाव पडले. एका विशिष्ट कर्करोगाशी कायम निगडित असलेला गुणसूत्रातील हा पहिला बदल होता. परंतु छाटला गेलेला तुकडा गेला कोठे, हे कोणालाच सांगता येईना. तो नष्ट झाला असावा, असाच बहुतेकांचा समज होता. हा समज पुढे बारा-तेरा वर्षे टिकला.

तो दूर करणाऱ्या डॉ. जॅनेट रौली त्या सुमारास शिकागोत मुलांचा संसार सांभाळून आठवड्यातले मोजकेच दिवस दवाखान्यात जात होत्या.

त्यांचा जन्म ५ एप्रिल १९२५ रोजी न्यूयॉर्क येथे झाला. वाढल्या मात्र शिकागोत. बुद्धी इतकी तल्लख की, पंधराव्या वर्षी शिष्यवृत्ती मिळवून त्यांनी शिकागो विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात प्रवेश मिळविला. पुढे वैद्यकीय शाखेसाठी अर्ज केला, तेव्हा त्यांना नऊ महिने थांबावे लागले. कारण असे की, ६५ विद्यार्थ्यांच्या वर्गात मुलींसाठी केवळ ३ जागा होत्या आणि त्या भरल्या होत्या. आनंदीबाईंनी पदवी घेऊन साठ वर्षे होत आलेली असतानाची ही गोष्ट आहे. १९४८ मध्ये त्या डॉक्टर झाल्या आणि दुसऱ्याच दिवशी त्यांचा विवाह झाला. पतीही डॉक्टर, विद्यापीठातच संशोधन करणारे. पुढील बरीच वर्षे रौलीबाईंनी अर्धवेळ काम केले. मुले लहान आहेत तोवर आपण बराच वेळ घरी असले पाहिजे, असा त्यांचा स्वतःचा निर्णय होता. शिकागोतील एका दवाखान्यात त्या डाउन सिंड्रोम असलेल्या, म्हणजे जन्मतः बौद्धिक वाढ मंद असलेल्या मुलांना तपासत. या विकाराचे कारण म्हणजे एक जादा गुणसूत्र होय, असे १९५९ मध्ये फ्रान्समधील संशोधकांनी दाखवून दिले. गुणसूत्रांविषयीचे बाईंचे कुतूहल तेव्हापासूनचे.

१९६१ मध्ये पतीला वर्षभराच्या अभ्यासरजेवर ऑक्सफर्डला जावयाचे होते. बाईही गेल्या, परंतु घरी बसून राहण्याऐवजी त्यांनी तेथील रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत गुणसूत्रांच्या अभ्यासाचे तंत्र शिकून घेतले. शिकागोला परतल्यावर त्या आपले जुने परिचित, रक्तविकारतज्ज्ञ डॉ. लिऑन जेकबसन यांना भेटल्या. अर्धवेळ काम करू इच्छिणाऱ्या, नावावर फारसे संशोधन नसलेल्या या लहान मुलांच्या आईने एक सूक्ष्मदर्शक, छायाचित्रे धुण्यासाठी एक अंधारखोली आणि वर्षाला पाच हजार डॉलर वेतन मागितले. जेकबसन यांनी ते मान्य केले. रुग्णालयाचा कारभार पाहणारे म्हणून आम्हाला या प्रसंगाचे फार अप्रूप वाटते. असा अर्ज आमच्या टेबलावर आला असता तर आम्ही काय शेरा मारला असता, याची आम्हाला कल्पना आहे.

पुढची जवळजवळ दहा वर्षे हाती ठळक असे काही लागले नाही. जेकबसन आपल्या रुग्णांचे नमुने त्यांच्याकडे पाठवीत आणि बाई गुणसूत्रे पाहत राहिल्या. रुग्णांच्या पेशींत गोंधळ दिसे, पण अडचण मोठी होती. त्या काळच्या रंगप्रक्रियेत सर्व गुणसूत्रे एकसारखी गडद दिसत. केवळ लांबी आणि आकार यांवरून ती ओळखावी लागत, आणि जवळपास सारख्या आकाराची गुणसूत्रे एकमेकांपासून निराळी काढता येत नसत. शिवाय अनेक शास्त्रज्ञांचे मत असे होते की, कर्करोग झाल्यानंतर पेशीत जो विस्कळीतपणा येतो त्याचाच गुणसूत्रांतील बदल हा एक परिणाम आहे. त्यात रोगाचे कारण शोधणे व्यर्थ आहे.

१९७० च्या सुमारास स्वीडनमध्ये एक नवी रंगपद्धती निघाली. एका विशिष्ट द्रव्यात बुडविल्यावर अतिनील प्रकाशात गुणसूत्रांवर उजळ आणि फिकट पट्टे उमटू लागले. प्रत्येक गुणसूत्राच्या पट्ट्यांची मांडणी निराळी. पैठणीच्या काठावरून जाणकार जसा ती कोणत्या धाटणीची हे सांगतो, तसे पट्ट्यांवरून गुणसूत्राचा क्रमांक निश्चित सांगता येऊ लागला. योगायोगाने रौली दांपत्य त्याच वेळी दुसऱ्यांदा ऑक्सफर्डला गेले होते. बाईंनी ही पद्धत तेथे आत्मसात केली आणि शिकागोला परतताच आपल्या ल्युकेमियाच्या रुग्णांच्या पेशींवर ती वापरावयास सुरुवात केली.

पेशींची छायाचित्रे त्या प्रयोगशाळेत काढीत आणि घरी आणीत. जेवणाच्या टेबलावर ती पसरून एकेक गुणसूत्र कात्रीने कापावयाचे, जोड्या लावावयाच्या, पट्टे ताडून पाहावयाचे, असा क्रम चालत असे. आई कागदाच्या बाहुल्या कापत बसते म्हणून मुले थट्टा करीत. कोणी जोरात शिंकू नये, अशी त्यांना ताकीद असे; वाऱ्याने तुकडे उडाले तर सारी जुळवणी पुन्हा करावी लागे. दिवाळीत आकाशकंदिलाचे कागद कापताना आपल्या घरातही हेच होते, फक्त आपल्या टेबलावर कोणाच्या आजाराचे रहस्य नसते.

१९७२ मध्ये त्या टेबलावर प्रथम एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. तीव्र मायलॉइड ल्युकेमियाच्या दोन रुग्णांत आठव्या आणि एकविसाव्या गुणसूत्रांनी आपापल्या टोकांची अदलाबदल केलेली होती. हा निबंध एका विख्यात वैद्यकीय नियतकालिकाने नाकारला आणि तो फ्रान्समधील एका नियतकालिकात प्रसिद्ध झाला. बाई मग सीएमएलकडे वळल्या. फिलाडेल्फिया गुणसूत्र म्हणजे बावीस क्रमांकाचे आखूड झालेले गुणसूत्र, हे तोवर कळले होते. पट्टे ताडून पाहताना त्यांना दिसले की, त्याच पेशींत नवव्या क्रमांकाचे एक गुणसूत्र नेहमीपेक्षा लांब आहे, आणि ते जितके लांब आहे तितकेच बावीसावे आखूड आहे.

आम्हाला हे ज्या रीतीने उमगले त्याच रीतीने सांगतो. कीर्द-खतावणी लिहिणाऱ्याला एक अनुभव नेहमीचा असतो. एखाद्या खात्यातून रक्कम दिसेनाशी झाली तर दोन शक्यता असतात. एक तर ती नोंदवावयाची राहून गेली. मग तेरीज जुळत नाही आणि चूक लगेच उघडी पडते. किंवा ती चुकून दुसऱ्याच कोणाच्या खात्यावर मांडली गेली. अशा वेळी तेरीज बिनचूक जुळते, आणि म्हणूनच ती चूक वर्षानुवर्षे दडून राहू शकते. फिलाडेल्फिया गुणसूत्राच्या बाबतीत सगळे जण पहिली शक्यता धरून बसले होते. बावीसाव्या खात्यातील रक्कम बुडाली, असे समजत होते. रौलीबाईंनी ती नवव्या खात्यावर मांडलेली दाखवून दिली. काहीही हरवले नव्हते. दोन गुणसूत्रे तुटून त्यांचे तुकडे चुकीच्या जागी सांधले गेले होते. नऊ रुग्णांच्या पेशींवर आधारलेला हा निष्कर्ष जून १९७३ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

हिशेबात आणि पेशीत एक फरक मात्र आहे, आणि सारा अनर्थ त्यातच आहे. हिशेबात चुकीच्या पानावर गेलेली रक्कम तेथे नुसती पडून असते. पेशीत तसे होत नाही. गुणसूत्र म्हणजे जनुकांची लांबलचक माळ. ती जेथे तुटते आणि दुसरीशी जोडली जाते, तेथे दोन निरनिराळ्या जनुकांचे अर्धे-अर्धे भाग शेजारी येतात आणि त्यांचे मिळून एक नवेच जनुक बनते. पुढील दहा-बारा वर्षांत अनेक देशांतील संशोधकांनी नेमकी तुटण्याची जागा शोधून काढली. नवव्या गुणसूत्रावरील 'एबीएल' नावाचे जनुक बावीसाव्यावरील 'बीसीआर' या जनुकाला जाऊन चिकटते, हे १९८२ ते १९८४ या काळात स्पष्ट झाले. एबीएल जनुकाचे एरवीचे काम पेशीला वाढीचे आदेश देणारे एक प्रथिन तयार करणे. हे प्रथिन गरजेपुरते चालू होते आणि एरवी बंद असते. बीसीआरशी जोडले गेल्यावर मात्र त्याचे बटण चालू स्थितीतच अडकून बसते. पेशीला वाढ, वाढ, वाढ असा आदेश अखंड मिळत राहतो. १९९० मध्ये हे जोडजनुक उंदरांच्या अस्थिमज्जेत घातल्यावर त्यांना सीएमएलसारखाच आजार झाला. गुणसूत्रातील बदल हा रोगाचा परिणाम की कारण, हा वाद तेथे मिटला.

बटण कोठे अडकले आहे हे कळले म्हणजे ते बंद करण्याचा प्रयत्न करता येतो. या प्रथिनाच्या पृष्ठभागावर एक खाच असते. पेशीतील ऊर्जा वाहून आणणारा रेणू त्या खाचेत बसला की प्रथिन कामाला लागते. स्वित्झर्लंडमधील एका औषध कंपनीत निकोलस लायडन आणि त्यांचे सहकारी अशा खाचेत नेमके जाऊन बसतील अशी संयुगे तयार करीत होते. अमेरिकेतील ओरेगन येथील डॉ. ब्रायन ड्रकर यांनी त्यांतील एक संयुग सीएमएलच्या पेशींवर वापरून पाहिले. त्या पेशी मेल्या, निरोगी पेशींना फारशी इजा झाली नाही. १९९६ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हा आजार तुलनेने विरळा, त्यामुळे औषधाला बाजारपेठ मिळेल किंवा नाही याविषयी कंपनी साशंक होती. १९९८ च्या जूनमध्ये पहिल्या रुग्णाला ते देण्यात आले. पुरेशा मात्रेत औषध घेतलेल्या पहिल्या ५४ रुग्णांपैकी ५३ जणांच्या रक्तातील पेशींचा आकडा पूर्ववत झाला. आधीचे सारे उपचार निष्फळ ठरलेले हे रुग्ण होते. मे २००१ मध्ये अमेरिकेत या औषधास मान्यता मिळाली. इमॅटिनिब हे त्याचे नाव, 'ग्लिव्हेक' हे त्याचे व्यापारी नाव. पुढे ज्या मोठ्या चाचणीत रुग्णांची दहा वर्षांहून अधिक काळ नोंद ठेवण्यात आली, तीत या औषधाने उपचार सुरू केलेल्यांपैकी ८३ टक्के रुग्ण दहा वर्षांनंतरही हयात होते.

रौलीबाईंचे कार्य तेवढ्यावर थांबले नव्हते. १९७७ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ल्युकेमियाच्या आणखी एका प्रकारात पंधराव्या आणि सतराव्या गुणसूत्रांची अदलाबदल शोधून काढली. 'प्रोमायलोसिटिक' या नावाचा हा प्रकार फार भयंकर. रुग्ण काही दिवसांत अंतर्गत रक्तस्रावाने दगावत असे. आज याच प्रकारावर 'अ' जीवनसत्त्वापासून बनविलेले एक औषध आणि आर्सेनिक, म्हणजे आपला सोमल, यांचा उपयोग होतो, आणि उपचार तातडीने सुरू झाल्यास बहुसंख्य रुग्ण पूर्ण बरे होतात. या उपचारांचे श्रेय प्रामुख्याने चीनमधील डॉक्टरांकडे जाते. ते का लागू पडतात, याचे उत्तर मात्र पंधरा आणि सतरा या गुणसूत्रांच्या त्या सांध्यातच मिळाले.

मानसन्मान त्यांना पुष्कळ मिळाले. १९९८ चे लास्कर पारितोषिक, २००९ मध्ये अमेरिकेचा सर्वोच्च नागरी सन्मान, २०१२ मध्ये ड्रकर आणि लायडन यांच्यासमवेत जपान पारितोषिक. उतारवयातही त्या सायकलवरून प्रयोगशाळेत जात. १७ डिसेंबर २०१३ रोजी, वयाच्या ८८ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. मृत्यूचे कारण कर्करोगच होते, बीजांडकोशाचा.

आता हे औषध आपल्या रुग्णांपर्यंत कसे आले ते सांगणे आवश्यक आहे, कारण औषध शोधले जाणे आणि ते रुग्णाच्या हाती पडणे यांतील अंतर आम्हाला रोज दिसते. मूळ कंपनीच्या ग्लिव्हेकचा खर्च आपल्या देशात महिन्याला सुमारे एक लाख वीस हजार रुपये होता. भारतीय कंपन्या तेच औषध आठ ते दहा हजार रुपयांत देत होत्या. कंपनीने पेटंटसाठी अर्ज केला होता. त्याला हरकत घेणाऱ्यांत भारतीय औषध कंपन्यांबरोबर मुंबईतील कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन ही रुग्णांसाठी काम करणारी संस्थाही होती. चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने २००६ मध्ये अर्ज फेटाळला; प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १ एप्रिल २०१३ रोजी न्या. आफताब आलम आणि न्या. रंजना प्रकाश देसाई यांच्या पीठाने कंपनीचे अपील फेटाळले. जुन्याच द्रव्याचे नवे स्फटिकरूप उपचाराच्या दृष्टीने अधिक गुणकारी आहे असे सिद्ध झाल्याखेरीज त्यास आपल्या कायद्याखाली पेटंट देता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय होता. मूळ कंपनीचा मोफत औषधाचा कार्यक्रमही भारतात चालू होता आणि हजारो रुग्णांना त्याचा लाभ झाला, हेही न्यायाने नमूद केले पाहिजे. तथापि दानावर अवलंबून असलेले औषध आणि दुकानातून परवडणाऱ्या किमतीत विकत घेता येणारे औषध यांत रुग्णाच्या मनाला किती फरक पडतो, हे धर्मादाय रुग्णालय चालविणाऱ्यांना वेगळे सांगावयास नको.

औषध स्वस्त झाले, परंतु त्यामुळे एक नवी अडचण उभी राहिली आहे, आणि हा लेख लिहिण्याचे ते दुसरे कारण आहे.

काही महिन्यांपूर्वी एक गृहस्थ आपल्या पत्नीचे कागद घेऊन आमच्या कार्यालयात आले. म्हणाले, "साहेब, बायकोचा काउंट नॉर्मल आलाय. गोळी सुरूच आहे. मग दर तीन महिन्यांनी ही महागाची तपासणी कशाला लिहून देतात? तेवढ्यात आमचं घरभाडं निघतं." प्रश्न रास्त होता. आम्ही त्यांना डॉक्टरांकडे नेले. डॉक्टरांनी जे सांगितले ते येथे देत आहोत, कारण हाच प्रश्न इतर कुटुंबांच्याही मनात असणार.

साध्या रक्ततपासणीत पेशींची संख्या मोजली जाते. संख्या पूर्ववत झाली तरी बिघडलेल्या पेशी शिल्लक राहिलेल्या असू शकतात. लाखात एक असलेली पेशी संख्येत दिसणार कशी? ती दिसते ती बीसीआर-एबीएल या जोडजनुकाच्या पीसीआर तपासणीत. रौलीबाईंनी जो सांधा कात्री लावून शोधला, तोच सांधा ही तपासणी रक्ताच्या थेंबांत शोधते. निरोगी पेशीत हा सांधा नसतो, म्हणून तो जितका सापडेल तितका आजार शिल्लक आहे असे समजावयाचे. उपचार सुरू झाल्यावर तीन महिन्यांत हे प्रमाण १० टक्के किंवा त्याखाली, सहा महिन्यांत १ टक्क्यापर्यंत आणि वर्षभरात ०.१ टक्क्यापर्यंत उतरावे, अशी डॉक्टरांची अपेक्षा असते. ते उतरत नसेल किंवा उतरून पुन्हा चढू लागले असेल, तर एक तर गोळ्या चुकत आहेत, किंवा प्रथिनाच्या त्या खाचेचा आकार बदलून औषध तीत बसेनासे झाले आहे. दुसऱ्या प्रकारासाठी आता आणखी काही औषधे उपलब्ध आहेत. मात्र बदल वेळेवर कळला तरच त्यांचा उपयोग. काउंट बिघडेपर्यंत थांबले तर उशीर झालेला असतो.

काउंट नॉर्मल आला म्हणून गोळी बंद केलेले रुग्ण आम्ही पाहिले आहेत. त्यांतील एक गृहस्थ दीड वर्षाने परत आले ते स्ट्रेचरवरून. त्याविषयी अधिक लिहिणे आम्हाला शक्य नाही.

गोळी कायमची बंद होऊ शकते का, असेही रुग्ण विचारतात. फ्रान्समध्ये झालेल्या एका अभ्यासात दोन वर्षे किंवा अधिक काळ पीसीआर तपासणीत आजाराचा मागमूस न आढळलेल्या रुग्णांची गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली थांबविण्यात आली. त्यांपैकी सुमारे चाळीस टक्के रुग्णांत आजार परतला नाही. उरलेल्यांत तो परतला, पण वारंवार तपासणी चालू असल्याने लगेच कळला आणि गोळी पुन्हा सुरू करताच आटोक्यात आला. म्हणजे औषध थांबविण्याचा मार्गदेखील याच तपासणीतून जातो. स्वतःच्या मनाने तो कोणीही चोखाळू नये.

आणखी एक शंका माता-पित्यांच्या, विशेषतः सासू-सासऱ्यांच्या मनात असते, आणि ती बहुधा दबक्या आवाजात विचारली जाते: हा आजार सुनेच्या माहेराहून आला का, नातवंडांना होईल का? त्याचे उत्तर स्पष्ट आहे. गुणसूत्रांची ही अदलाबदल जन्मानंतर, अस्थिमज्जेतील एखाद्याच पेशीत घडते. ती आई-वडिलांकडून येत नाही आणि मुलांकडे जात नाही. हिरोशिमा-नागासाकीतील किरणोत्सर्गानंतर या आजाराचे प्रमाण वाढले होते, हे खरे. परंतु बहुतेक रुग्णांत असे कोणतेही कारण सापडत नाही. कोणाचाही दोष नसतो. गर्भधारणेचा विचार असलेल्या स्त्री-रुग्णांनी मात्र आधी डॉक्टरांशी अवश्य बोलावे, कारण गर्भावस्थेत हे औषध घेणे योग्य नाही.

त्या गृहस्थांच्या पत्नीची तपासणी झाली. भाड्याची अडचण खरीच होती. ती आमच्या समाजसेवा विभागाने सोडविली. कशी, ते त्यांच्या विनंतीवरून येथे लिहीत नाही.

रुग्णांच्या माहितीसाठी: पीसीआर तपासणीसाठी उपाशीपोटी येण्याची आवश्यकता नाही. नमुना दंडाच्या रक्तातून घेतला जातो. दर वेळी अस्थिमज्जा काढावी लागत नाही. गोळी जेवणाबरोबर आणि मोठा पेलाभर पाण्यासोबत घ्यावी. एखादा दिवस गोळी चुकल्यास दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नये. आधीचे सर्व अहवाल, तारखेनुसार लावून, सोबत आणावेत. आकडा एका तारखेचा पाहून फारसे कळत नाही, तो उतरतो आहे की चढतो आहे हे पाहावे लागते.

आणि ज्या ज्येष्ठ देणगीदारांच्या प्रश्नावरून हा लेख लिहिला गेला त्यांच्या माहितीसाठी: या तपासणीचे नमुने सध्या बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवावे लागतात. ज्या रुग्णांना शुल्क भरणे शक्य नव्हते त्यांच्या नमुन्यांचा खर्च या वर्षीपासून जमाखर्चाच्या पत्रकात 'प्रयोगशाळा' या शीर्षाखाली वेगळ्या ओळीत दाखविला आहे.